बसायला या

२ सप्टेंबर २००१, रविवार

मी डायरी लिहिणाऱ्यांतली नाही. सातवीच्या पोरांना ‘रोजनिशी लिहायची सवय लावा’ असं दरवर्षी सांगते आणि स्वतः दूधवाल्याच्या खाड्यांपलीकडे काही लिहीत नाही. पण या घरात बोलणारं माणूस एकच होतं आणि त्याचाच आवाज काढून घेतला. मग आता बोलू कुणाशी? म्हणून ही वही.

काल यांना परळच्या हॉस्पिटलातून घरी आणलं. स्वरयंत्र काढलंय. गळ्याला खालच्या बाजूला एक भोक आहे, श्वास त्यातून चालतो आणि त्यावर ओला रुमाल बांधायचा असतो. खोकलासुद्धा तिथूनच येतो. मला सवय झाली. बघणाऱ्याला व्हायला वेळ लागेल.

निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “आजार मुळापासून गेला असं मी छातीठोक सांगणार नाही. पण यांना खचू देऊ नका, माणसांत ठेवा. बोलकी माणसं एकटी पडली की जेवण सोडतात, आणि मग आमच्या हातात काही राहत नाही.”

माणसांत ठेवा म्हणे. यांना माणसांतून बाहेर कसं काढायचं, हाच तर माझा पंचवीस वर्षांचा प्रश्न. सदानंद म्हटलं की विरारपासून आगाशी-अर्नाळ्यापर्यंत कुणीही घर दाखवील. टेलिफोन खात्यातली नोकरी. फोन जोडायला गेले की त्या घरचा चहा, मग त्या घरचं लग्न, मग त्या घरची भांडणं मिटवणं. बोळिंजच्या या फ्लॅटबाहेर रविवारी चपलांचा ढीग नसला तर शेजारी विचारायचे, गावाला गेला होतात का? आणि मी आत चहा गाळत धुसफुसत असायचे. नणंदेने लग्नानंतर वर्षभरातच मला नाव ठेवलं, माणूसघाणी. यांनी तो शब्द कधी उच्चारला नाही. खोडूनही काढला नाही.

आणि आता माणसं जमवायचं काम माझ्याकडे. देवाला दुसरं कोणी मिळालं नाही.

५ सप्टेंबर

आमची लेक ज्ञानदा परवा नाशिकला परत गेली. तिला सातवा महिना लागलाय, किती दिवस थांबणार इथे. जाताना बापासाठी स्टेशनजवळच्या दुकानातून पोरांची ती जादूची पाटी आणून दिली. प्लास्टिकच्या काडीने लिहायचं, वरचा पडदा उचलला की अक्षरं गायब. खडू नको, धूळ गळ्यात जाते.

हात थरथरतो म्हणून हे एकदोन शब्दच लिहितात. ‘पाणी’. ‘पंखा’. ‘कोण आलं’. मी वाचते, पडदा उचलून पाटी कोरी करून देते आणि कामाला लागते. इतकी वर्षं पोरांच्या वह्या तपासून एक सवय झालीय. वाक्य पुरं व्हायच्या आत मला कळतं.

आज पेज केली होती. शाळेत जायची घाई, उभ्याउभ्याच भरवत होते. चार चमचे झाले नाहीत तर यांनी लिहिलं, ‘बस’. म्हटलं, अहो, अजून अर्धी वाटीसुद्धा गेली नाही. यांनी पुन्हा तोच शब्द काढला. मी वाटी उचलून ओट्यावर ठेवली. डॉक्टर म्हणाले तसं आतापासूनच व्हायला लागलं की काय, या धास्तीने दिवसभर शिकवण्यात लक्ष नव्हतं.

९ सप्टेंबर, रविवार

आज घर भरलं. सकाळपासून दारात चपलांचा ढीग. मला इतकं बरं वाटलं की मी कपाटातले चांगले कप काढले.

पण संध्याकाळी पलंगाच्या पट्टीवर टेकले तेव्हा लक्षात आलं, काहीतरी चुकलंय. माणसं आली, यांच्या पायाशी शहाळं ठेवलं, आणि नंतर सगळं विचारलं मला. जेवतात का? झोप लागते का? खर्च किती आला? यांच्याशी बोलायचं तर मोठ्याने, हातवारे करून. अहो, आवाज गेलाय त्यांचा, कान शाबूत आहेत. शेजारच्या वाडीतले दयाराम आणि यशोदा आले तेवढे नीट बोलले. पण दयारामना केळीला पाणी सोडायचं होतं, ते दहा मिनिटांत उठले.

मराठीत या येण्याला शब्द आहे, समाचार. समाचाराला आले होते. समाचार एकदा घेतला की झाला. पुन्हा यायचं कारण उरत नाही. पूर्वी यायचे ते समाचाराला नाही, बसायला यायचे. ‘काय सदाभाऊ, म्हटलं जरा बसावं.’ त्या बसण्याचा मला केवढा राग यायचा. आता कळतंय की तो वेगळाच प्रकार होता.

सगळे गेल्यावर मी चादर नीट करत होते. यांनी लिहिलं, ‘बस’. दमले असतील. दिवा घालवला.

२१ सप्टेंबर

परेश आला होता. यांच्याच हाताखाली तयार झालेला पोरगा. खांबावर चढायला यांनी शिकवलं, त्याचं लग्न यांनी जमवलं, त्याच्या पोराच्या बारशाच्या पेढ्यांचा डबा अजून माझ्याकडे आहे. खुर्चीच्या टोकावर टेकला. गळ्याच्या रुमालाकडे बघायचं नाही असं ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. यांना खोकल्याची उबळ आली तसा उभाच राहिला. हात जोडले, आणि जिना उतरून गेला.

मी दार लावून आत आले तर यांनी लिहून ठेवलं होतं, ‘येतो म्हणाला नाही’.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आपल्याकडे कुणाच्याही घरून निघताना माणूस ‘येतो’ म्हणतो. म्हणत नाही तो फक्त सुतकाच्या घरातून निघताना, गुपचूप उठून जातो. परेश बिचारा गडबडला, त्याच्या मनात तसं काही नसणार. पण माणसाच्या देहाला आधी कळतं की काय कोण जाणे. मी म्हटलं, “म्हणाला हो, जिन्यात म्हणाला. मी ऐकलं.” यांनी माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच पडदा उचलला.

करमेना म्हणून पेपर वाचून दाखवायला घेतला, दारात उभी राहून, कारण गॅसवर दूध होतं. अमेरिकेतल्या त्या पडलेल्या इमारतींचंच सगळं. दोन परिच्छेद झाले तोच यांनी पाटी वर केली. ‘बस’. मलाही ते वाचवत नव्हतं. पेपरची घडी घातली.

३० सप्टेंबर, रविवार

या आठवड्यात घरी कुणीच फिरकलं नाही. दाराबाहेर आमच्या दोघांच्याच चपला.

आज मी कंबर कसली. आमच्या बिल्डिंगमध्ये राहून सात वर्षं झाली, पण तिसऱ्या मजल्यावर मी आज पहिल्यांदा गेले. बेल वाजवली. दार उघडणाऱ्या बाईंना म्हटलं, “बसायला या ना कधी.” त्यांचा चेहरा पांढरा पडला. “का हो? सिरीयस आहे का?” म्हटलं, नाही, सहज. “सहज?” माझ्या तोंडून ‘सहज’ ऐकून त्या जास्तच घाबरल्या. दुसऱ्या घरी सेक्रेटरींना वाटलं की मी टँकरच्या पाण्याची तक्रार घेऊन आलेय. माझी बाजू ऐकून न घेताच ते समजावत राहिले. तिसऱ्या घरी जायचं मला धैर्य झालं नाही.

मग रिक्षा करून नंदाखालला गेले, फ्रेडरिककडे. यांचा अगदी जिवाचा मित्र. ओटीवर बसला होता. मला बघून उठला, खुर्ची पुसून दिली. मी म्हटलं, “भाऊ, दोन आठवडे झाले तुम्ही आला नाहीत.” त्याने मान खाली घातली. म्हणाला, “वहिनी, खोटं नाय बोलत. दोनदा निघालो, आगाशीपर्यंत आलो, परत फिरलो. सदा बोलायचा, मी ऐकायचो. आमची दोस्ती ती तशी. आता मी गेलो तर बोलायचं मला लागेल, नि मला काय येतंय बोलायला?”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्याचा रागच येईना. निघताना त्याने सुकेळ्यांची, वाळवलेल्या केळ्यांची, पुडी हातात दिली. यांना घट्ट काही गिळता येत नाही हे दोघांच्याही लक्षात नव्हतं. घरी आल्यावर मी एकटीने ती खाल्ली.

१२ ऑक्टोबर

सातवीला समानार्थी शब्द घेतले. फळ्यावर लिहिलं, मनमिळाऊ. पोरांनी भराभर सांगितले, मिलनसार, मिळूनमिसळून वागणारा, प्रेमळ. विरुद्धार्थी विचारले. एकलकोंडा, तुसडा, माणूसघाणा. शेवटचा शब्द ज्या पोराने सांगितला त्याला मी उगाचच म्हटलं, आवाज किती चढवतोस, खाली बस.

हेमांगी म्हणून एक मुलगी आहे, अर्नाळ्याची. ती हात वर करून म्हणाली, “बाई, मनमिळाऊ म्हंजी जो सगल्यांकडं जातो तो, का ज्याच्याकडं सगले येतात तो?”

मी म्हटलं, दोन्ही. मग तास संपेपर्यंत तेच डोक्यात. हे सगळ्यांकडे जायचे, सगळे यांच्याकडे यायचे. आता जाणं थांबलं तसं येणंही थांबलं. असतील शितं तर जमतील भुतं, असं आई म्हणायची. पण यांच्याकडे कसली शितं? चहा आणि गप्पा. लोकांना एवढंही स्वतःच्या घरून आणता येऊ नये? शब्दाची फोड केली तर मन मिळणं. माणसं मिळणं असं त्यात कुठेच नाही.

२६ ऑक्टोबर, दसरा

यांनी आज सकाळीच कडक इस्त्रीचा पांढरा सदरा मागून घेतला. गळ्याला रुमाल आवडीचा निळा. खुर्ची दारासमोर लावून बसले. दरवर्षी सोनं द्यायला येणाऱ्यांची रांग दुपारपर्यंत हटत नाही आमच्याकडे.

आले. नाही असं नाही. पण उंबऱ्याबाहेरूनच माझ्या हातात आपट्याची पानं ठेवायची, आत बघून हसायचं, “घाई आहे हो, अजून बऱ्याच घरी जायचंय.” पोरांना तर आयांनी दंडाला धरून पुढे नेलं. गळ्यातल्या भोकातून येणारा श्वासाचा आवाज त्यांना भिववतो. एका बाईने मला कुजबुजत विचारलं, “लागत नाही ना हो हे?” मी म्हटलं, “नाही. माणुसकीसारखंच आहे, कुणाला लागत नाही.” तोंड आहे माझं, काय करू.

दुपारी ती सगळी पानं यांच्या मांडीवर नेऊन ठेवली. सदऱ्याची घडी मोडली नव्हती. म्हटलं, “पुरण गरम करते.” यांनी पाटी घेतली. ‘बस’.

पुरणसुद्धा नको. सणाच्या दिवशी. स्वयंपाकघरात जाऊन रडले. पंचवीस वर्षं या माणसाला लोकांच्या घरचं सगळं गोड लागलं आणि माझं काहीही केलेलं दोन घासांत बस होतं.

३ नोव्हेंबर

परळला तपासणी. परत आलंय. फुप्फुसात. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, दुखण्याचं औषध देतो. मी विचारलं, “खचले म्हणून का? मी माणसं जमवायला कमी पडले?” ते म्हणाले, “नाही हो बाई, आजार आहे तो.” मला ते पटलं नाही.

यांना सांगायची वेळच आली नाही. टॅक्सीत बसताच माझा हात दाबला आणि विरारपर्यंत धरून ठेवला. आम्ही असे कधीच हात धरून बसलो नव्हतो. मला लाज वाटत होती, ड्रायव्हर आरशात बघत होता.

६ नोव्हेंबर

यशोदा आली होती. वाडीतली भातकापणी आटोपली म्हणून. पदराखाली मोगऱ्याच्या कळ्या, यांच्या उशाशी ठेवल्या. “भावोजी, कसे हायेत?” आणि उभी राहिली.

मी ओट्यापाशी होते, दारातून सगळं दिसत होतं. यांनी पाटी घेतली, हात आता फारच थरथरतो, पण लिहिलं. ‘बसा’.

ती बसली. जमिनीवरच, पलंगाला टेकून. आणि बोलत राहिली. कुठल्या केळीला कसला घड आला, दयाराम बैलासारखे घोरतात, कुणा भावेशची सून रुसून माहेरी गेली. हे ऐकत होते. डोळे मिटून, पण ऐकत होते. मला ओळखू येतं.

मी चहा केला, दिला, कप विसळले आणि माझं डोकं भणभणायला लागलं. यशोदेला ‘बसा’. मला ‘बस’. परक्या बाईला बसा, आणि जिने हातात वाटी धरली, भोक साफ केलं, रात्ररात्र जागली, तिला पुरे कर. मी चांगली आहे म्हणत नाही. पण एवढं का माझं नको झालंय यांना? ती गेल्यावर मी दोन तास यांच्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

९ नोव्हेंबर

सहामाहीचे पेपर तपासत होते, शाळेत, स्टाफरूममध्ये. प्रश्न तिसरा, आदरार्थी रूप लिहा. तू ये, तुम्ही या. तू जा, तुम्ही जा. तू बस, तुम्ही बसा. बरोबरची खूण केली आणि पुढचा पेपर घेतला.

मग मागचा पेपर परत ओढला.

यशोदा परकी, तिला ‘तुम्ही’. मी बायको, मला ‘तू’. एका कान्याचा फरक. आज्ञार्थ, एकवचन. पंचवीस वर्षं हे शिकवून पोट भरलंय मी.

पेज उभ्याने भरवत होते तेव्हा, बस. चादर झटकत होते तेव्हा. दारात उभी राहून पेपर वाचत होते तेव्हा. दसऱ्याला, ती पानं मांडीवर घेऊन. बस गं जरा. आणि मी प्रत्येक वेळी शब्द वाचायचे, पुसायचे आणि निघून जायचे. सबंध बोळिंजला आणि नंदाखालला विचारत फिरले की बसायला या, बसायला या. त्यांनी मागितलं होतं मला. फक्त मला. मी काय केलं हे.

पेपर तसेच टाकले. बाजूच्या बाईंना म्हटलं, घरी जाते. त्यांनी विचारलं, “काही झालं का?” मी पर्स उचलून निघाले. तुळिंजच्या शाळेपासून बोळिंजपर्यंत रिक्षात तोंडाला पदर लावून बसले होते.

१० नोव्हेंबर

काल घरी पोचले तेव्हा हे औषधाच्या गुंगीत होते. आज सकाळी विचारलं. अगदी लहान पोरीसारखं विचारलं, पलंगावर बसून. “अहो, बस म्हणजे पुरे नव्हतं का ते?”

बघत राहिले माझ्याकडे. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, पण हसत होते. आवाज नाही, नुसते खांदे. पाटीवर लिहिलं, ‘मास्तरीण’.

“मग सांगायचं नाही का? पुढे लिहायचं, खाली बस, माझ्यापाशी बस, काहीतरी.”

बराच वेळ लागला त्यांना. ‘पडदा उचलतेस’.

खरं आहे. मी थांबतच नव्हते.

१८ नोव्हेंबर, रविवार

बिनपगारी रजा घेतली आहे. मुख्याध्यापिका कुरकुरल्या. कुरकुरोत.

बसणं वाटतं तितकं सोपं नाही. पहिल्या दिवशी मी घेवडा घेतला निवडायला. यांनी ताट बाजूला सारलं आणि लिहिलं, ‘नुसती’. नुसती बसले. हात कुठे ठेवायचे तेच कळेना. खिडकीतून दयारामांच्या वाडीतला पंप ऐकू येत होता. दिवाळीचा फराळ यशोदेने आणून दिलेला, डबा तसाच. लोक एकमेकांकडे जाऊन हेच करतात का, इतकी वर्षं?

मग लिहिलं, ‘बोल’.

म्हटलं, “काय बोलू? माझ्याकडे काय आहे बोलण्यासारखं? या घरात मला बोलायला जागा कधी होती, तुमच्याच तोंडाला खळ नसायची.” बोलले आणि जीभ चावली. पण हे मानेने खुणावत होते, बोल, बोल. मग मी बोलले. शाळेतलं. कोण कुणाशी भांडली, कुणाच्या डब्यात रोज काय असतं, निबंधात पोरं काय दिवे लावतात. एका पोराने ‘माझे आजोबा’ वर लिहिलं होतं की आजोबांना दोन पाय आणि एक काठी असते. खांदे हलले. मी अजून सांगितलं. मला नक्कल करता येते हे मलाच ठाऊक नव्हतं, मुख्याध्यापिकांची केली, तर खोकला येईपर्यंत हसले.

काल मी विचारलं, “एवढी माणसं का लागायची हो तुम्हाला?” मग लिहिलं, ‘घर गप्प’.

मी या वेळी पडदा उचलला नाही. रात्रीपर्यंत ते दोन शब्द तसेच उशाशी होते.

२ डिसेंबर

काडी आता धरवत नाही. पाटी कपाटावर ठेवून दिली. मी विचारते, ते पापणी हलवतात. ज्ञानदाचा फोन आला की रिसीव्हर कानाशी धरते, आणि ते बोटाने त्यावर टकटक करतात. पलीकडे ती रडते ते मला इथपर्यंत ऐकू येतं.

बसलेली असते.

२३ डिसेंबर, रविवार

आज तेरावं झालं.

अकरा तारखेला दुपारी गेले. माणसं एवढी लोटली की रस्त्यावरून एसटी वळवावी लागली. अर्नाळ्याचे कोळी टेम्पो करून आले. नंदाखालहून फ्रेडरिक सगळ्या गावाला घेऊन आला आणि स्वतः सगळ्यांच्या मागे भिंतीशी उभा राहिला. परेशला दोघांनी धरून नेलं. नाक्यावर बोर्ड लागला, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपले. मी त्या बोर्डवर रागावेन असं मला वाटलं होतं. रागावले नाही. खोटं काय आहे त्यात?

बारा दिवस लोक येत होते. मी आत पळाले नाही, त्यांच्यात बसले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई रोज येऊन माझ्या बाजूला गप्प बसायच्या. यांच्या आठवणी सांगितल्या लोकांनी, त्यातली एकही मला ठाऊक नव्हती. सगळे शेवटी तेच विचारत, “शेवटी काय झालं हो? कोण होतं जवळ?” मी सांगितलं, मी होते. शांतपणे गेले. एवढंच सांगितलं.

खरं इथे लिहिते.

दुपारचं जेवण म्हणजे चार चमचे पाणी. ते झालं आणि मी नेहमीसारखी पलंगावर बसले, त्यांचा हात माझ्या मांडीवर. त्या दिवशी मी शत्रुघ्नची गोष्ट सांगत होते. शत्रुघ्न आमच्या शाळेचा शिपाई. गेल्या श्रावणात स्टाफरूममधलं घड्याळ बंद पडलं, तर हा भिंतीच्या सावलीवरून घंटा द्यायचा. एके दिवशी आभाळ आलं, सावलीच नाही, आणि पठ्ठ्याने तिसऱ्या तासालाच शाळा सुटल्याची घंटा दिली. सगळी शाळा रस्त्यावर. मुख्याध्यापिका एका पायात चप्पल घालून फाटकाकडे धावल्या, तोवर पोरं वडापावच्या गाडीपर्यंत पोचली होती. मी त्यांचा आवाज काढून सांगत होते, “अरे, मागे फिरा, मागे फिरा.” रंगात आले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला काहीतरी इतकं रंगून सांगत होते. हातवारे करत होते एका हाताने.

मग बघितलं तर गळ्यावरचा रुमाल हलत नव्हता.

कधीपासून हलत नव्हता, मला माहीत नाही. मी खिडकीकडे बघून बोलत होते, नक्कल करताना मी खिडकीकडे बघते. कुठपर्यंत ऐकलं त्यांनी? घड्याळ बंद पडलं ते ऐकलं असेल. आभाळ आलं ते? घंटा? मी दिवसरात्र तेच आठवून बघते. बाई एकाच चपलेने धावल्या तिथे यांच्या बोटांनी माझा हात दाबल्यासारखं वाटलं होतं. तसं नसेलही. माझाच हात हलला असेल.

हात सोडवून घेववेना. आणि सांगता सांगता मध्येच उठून जायचं, तेही मला जमेना. शेवट राहिला होता. मुख्याध्यापिका शत्रुघ्नवर कडाडल्या तर तो शांतपणे म्हणाला, “बाई, वाजलेली घंटा आता परत कशी घ्यायची?” तेवढं त्यांना सांगितलं, शत्रुघ्नच्याच आवाजात, नीट त्यांच्या तोंडाकडे बघून. मग थोडा वेळ नुसती बसले. आणि मग खिडकीतून यशोदेला हाक मारली.